कोकराला विरजण

भाताच्या पेंढ्याची एक काडी घ्या. तिचं पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि टोकाकडून बुडख्याकडे ओढा. चरचरलं ना? जरा जोर केला असता तर बोट कापलं असतं. त्या पात्याच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यांत सिलिका असते. वाळू ज्याची बनते तेच हे द्रव्य. भाताचं रोप ते मातीतून शोषतं आणि चिलखतासारखं अंगभर चढवतं. चव म्हणाल तर काही नाही. प्रथिनं म्हणाल तर शंभरात जेमतेम तीन-चार भाग. आता तीन महिन्यांचं एक कोकरू डोळ्यांसमोर आणा. ते ही काडी चावतं, गिळतं आणि तिच्यातून स्नायू उभे करतं. पॉलिश पेपर खाऊन मांस! हे जमतं तरी कसं?

तंजावरकडे हा प्रश्न रोजच्या धंद्याचा आहे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे भाताचं आगर. कुरुवै, सांबा, ताळडी असे हंगामांमागून हंगाम. पोंगलच्या सुमारास सांबा कापला, की जिकडेतिकडे वैक्कोल, म्हणजे आपला पेंढा. मग सुगी संपलेल्या शेतांत रामनाथपुरम, शिवगंगेकडून मेंढ्यांचे कळप उतरतात. रात्री ते रिकाम्या वावरात बसवायचे, शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला मोबदला मिळतो. तिकडे याला ‘किडै’ म्हणतात. आपल्या धनगरांचा वाडा ज्यांनी शेतात बसवून घेतला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की तिकडच्या बहुतेक मेंढ्यांच्या अंगावर लोकरीऐवजी आखूड केस असतात. नवखा माणूस त्यांना शेळ्याच समजतो.

मेंढीचा आणि तंजावरचा संबंध तर हजार वर्षांचा. राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिरात, जे १०१० साली उभं राहिलं, भिंतींवर हिशेब कोरलेत. देवापुढे एक दिवा कायम तेवत ठेवायचा, तर मेंढपाळाच्या हवाली ९६ मेंढ्या करायच्या आणि त्याने रोज एक ‘उळक्कु’ मापाचं तूप आणून द्यायचं. अशा दान दिलेल्या कळपांना चोळकालीन शिलालेखांत एक विलक्षण नाव आहे : ‘चावा मूवा पेराडु’. न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या! मेंढी मरत नाही असं कसं होईल? मरते, पण तिच्या जागी कोकरू येतं. आकडा ९६ चा ९६. कळप चिरंजीव.

हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला तसाच आणखी एक कळप भेटणार आहे, आणि तोही मेंढीच्या पोटात.

आधी काडीचं रहस्य. तांदळाचा दाणा आणि पेंढ्याची काडी, दोन्ही मुख्यतः एकाच विटेची बांधकामं आहेत. वीट म्हणजे ग्लुकोज, साखरेचा साधा रेणू. दाण्यातल्या स्टार्चमध्ये हे रेणू सगळे एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात. काडीतल्या सेल्युलोजमध्ये मात्र एक सुलटा, पुढचा उलटा, पुन्हा सुलटा. शाळेच्या रांगेत एक मूल पायांवर आणि पुढचं डोक्यावर उभं करावं, तसं. बस, एवढाच फरक. पण त्यामुळे स्टार्चची साखळी सैल वेटोळी घालते आणि सेल्युलोजच्या साखळ्या सरळ, एकमेकींना घट्ट चिकटून, सुंभासारख्या वळल्या जातात. पहिलीची इडली होते, दुसरीची झोपडी शाकारली जाते.

आणि हा उलटसुलट सांधा तोडणारं एन्झाइम? पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला ते स्वतः बनवता येत नाही. माणसाला नाही, हत्तीला नाही, गाईला नाही. मेंढीलासुद्धा नाही! म्हणजे मेंढी पेंढा पचवते हे आपण ऐकत आलो ते खोटं. मेंढी पेंढा पचवणाऱ्यांना पोसते.

ते राहतात तिच्या कोठीपोटात. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. कोठीपोट सगळ्यांत मोठं, मोठ्या मेंढीत दहा-बारा लिटरचं. आत अंधार, ३९ अंशांची ऊब, सतत ढवळणं, आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरून दिवसाकाठी कितीतरी लिटर लाळ येत राहते, तिच्यातला खाण्याचा सोडा आंबटपणा वाढू देत नाही. या पिंपातला एक चमचा रस काढला तर त्यात सुमारे ५० अब्ज जिवाणू सापडतात. पृथ्वीवरच्या माणसांच्या सहापट, एका चमच्यात.

काडीवर तुटून पडणारे यांतले मोजकेच. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस या कुळांतले जिवाणू काडीला चिकटून बसतात आणि ते सांधे तोडतात. सुटलेली साखर मेंढीला मिळते का? छे! ती जिवाणूच आंबवून टाकतात. मेंढीच्या वाट्याला येतात त्यांनी टाकून दिलेली आम्लं, त्यांतलं मुख्य म्हणजे ॲसेटिक आम्ल. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर! मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ सत्तर टक्के भाग अशा आम्लांतून येतो. उड्या मारणारं, टक्कर घेणारं हे जनावर व्हिनेगरवर चालतं, आणि रक्तात लागणारी साखर त्याचं यकृत घरच्या घरी नव्याने तयार करतं.

प्रथिनांचं काय? इथे तर कमाल आहे. कोठीपोटातला रस पुढे सरकतो तसे जिवाणूही वाहत खऱ्या पोटात जातात, आणि तिथे मेंढी त्यांनाच पचवून टाकते. ज्यांना पोसलं त्यांनाच खाल्लं. मागे राहिलेले जिवाणू तेवढ्या वेळात दुप्पट झालेले असतात, म्हणून पिंपातला आकडा हलत नाही. न मरणारा, न म्हातारा होणारा कळप! चोळांच्या कारकुनाने मंदिराच्या भिंतीवर जो हिशेब कोरला, तोच हिशेब त्या ९६ मेंढ्यांपैकी प्रत्येकीच्या पोटातही चालू होता.

या कळपातला एक गडी तर बरीच वर्षं वेषांतर करून बसला होता. मेंढीच्या पोटातल्या रसात शेपटी हलवत पोहणारे काही जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे. सगळे त्यांना आदिजीव (प्रोटोझोआ) म्हणायचे. इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिनला एक गोष्ट खटकली : मेंढीने खायला सुरुवात केली की थोड्याच वेळात यांची संख्या भराभर वाढते. एवढ्या झटपट कुणाची पिल्लावळ वाढेल? मग हे येतात कुठून? १९७५ मध्ये त्याने उलगडा केला. ते आदिजीव नव्हतेच, बुरशीचे पोहणारे बीजाणू होते. मेंढीने नवा चारा गिळला की जुन्या काडीवर बसलेली बुरशी त्यांना सोडून देते, आणि ते पोहत जाऊन ताजी काडी पकडतात. तोवर समजूत अशी, की प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असूच शकत नाही. ही मात्र प्राणवायू लागला तर मरते. तिची कामाची पद्धतही और आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचं रोप मूळ घुसवतं आणि दगड सरकवतं ना, तशी ही काडीत मुळ्या खुपसते आणि तिला आतून फोडते. त्या भेगांतून मग जिवाणू आत शिरतात.

आता आपलं कोकरू. नुकतं जन्मलेलं, ओलं, पाय लटपटताहेत. त्याचं कोठीपोट लहानसं, सुरकुतलेलं, निकामी पिशवीसारखं. ते आईच्या कासेला डोकं मारतं, शेपटी भिरभिरते, आणि आत एक युक्ती घडते : अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली एक पन्हळ मिटून तिची नळी होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरतं. हायवेचा बायपासच म्हणा. दूध पिंपात पडलं असतं तर नासलं असतं.

मग पिंपात कळप येतो कुठून? आईच्या तोंडातून. ती त्याला चाटते, ते तिचे ओठ हुंगतं, तिच्या गव्हाणीतली लाळेने भिजलेली काडी चघळून टाकतं, तिची कास चोखतं. फ्रान्समध्ये जेरार फोंटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकरांची पोटं दिवसागणिक तपासली, तेव्हा काडी फोडणारे जिवाणू पहिल्या आठवड्यातच हजर दिसले. कोकरू अजून निव्वळ दुधावर, एक काडीही पोटात गेलेली नाही, आणि काडी खाणारे येऊन बसलेत! लग्नाच्या आधी आचारी येऊन चूल मांडतात तसे. बुरशी त्यांच्यामागून येते. आदिजीव सगळ्यांत शेवटी, आणि तेही दुसऱ्या मेंढीच्या तोंडाशी संबंध आला तरच. जन्मताच वेगळं काढून एकटं वाढवलेलं कोकरू आयुष्यभर आदिजीवांशिवाय राहू शकतं.

ही सगळी मंडळी आपोआप येतात, तर माणसाने त्यांत भर घालायची का? इथे प्रोबायोटिक येतं, म्हणजे खाद्यातून मुद्दाम दिलेले जिवंत सूक्ष्मजीव. हा शब्द ऐकला की आपल्याला दह्याची डबी आठवते, पण आजच्या अर्थाजवळ तो आला जनावरांच्या खाद्यातूनच. १९७४ मध्ये आर. बी. पार्करने तो पशुखाद्यात मिसळायच्या जिवाणूंसाठी वापरला. आणि जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायला युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून बंदी केली, तेव्हा सगळ्यांचे डोळे या जिवंत पुडीकडे वळले.

आपल्याला समजायला सोपा शब्द आहे : विरजण. पण विरजण लागतं कधी? ताज्या, कोमट दुधाला. आधीच घट्ट लागलेल्या दह्यात आणखी चमचाभर दही घालून काय होणार? मोठ्या मेंढीचं पिंप हे असं भरलेलं भांडं आहे. प्रत्येक जागा कुणीतरी धरून ठेवलेली. बाहेरून आलेल्याला तिथे कुणी सरकून जागा देत नाही.

तरीही एकदा असं विरजण लागलं, आणि कसं लागलं! सुबाभूळ तुम्हाला माहीत आहेच. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने ती शेताच्या बांधाबांधावर नेली. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसीन नावाचं विष. जास्त खाल्लं तर मेंढीची लोकर गळते, इतकी की ऑस्ट्रेलियात कातरीशिवाय लोकर उतरवायला ते वापरता येईल का, हेही तपासून झालं! त्याच ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरं आजारी पडत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने पाहिलं, की हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खुशाल खातात आणि त्यांना काही होत नाही. शेळ्या वेगळ्या, की त्यांच्या पोटातले भाडेकरू वेगळे? १९८० च्या दशकात तिथल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात सोडले. विष उतरलं! मोजक्या जनावरांना पाजलं, बाकीच्यांना ते आपसूक लागत गेलं. १९९२ मध्ये त्या जिवाणूचं बारसं झालं, सिनर्जिस्टिस जोन्सी. भरल्या भांड्यात हे विरजण लागलं, कारण या पाहुण्याचं अन्न म्हणजे मिमोसीनपासून पोटात बनणारं विष. त्या ताटावर दुसऱ्या कुणाचा हक्कच नव्हता.

पेंढ्याच्या बाबतीत एवढा नाट्यमय पाहुणा अजून भेटलेला नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत त्या मुळ्या खुपसणाऱ्या बुरशीची कल्चरं करून म्हशीच्या पारड्यांना पाजून पाहिली गेली आहेत. पण तिला हवेचा वारा लागून चालत नाही, त्यामुळे पुडीत बांधून गावच्या दुकानात ठेवायची म्हणजे मोठीच पंचाईत. बाजारात जास्त चालतं ते यीस्ट. तेच, पावाचं.

आणि यीस्टची गोष्ट तर आणखी चक्रावणारी. ते कोठीपोटात फार टिकत नाही, वाढत तर नाहीच. रोज द्यावं लागतं. ग्रॅमभर पुडीत समजा १० अब्ज पेशी. पिंपात आधीच आहेत त्यांच्या मानाने हे म्हणजे दहा हजारांच्या गावात एक पाहुणा. तो एकटा काय दिवे लावणार?

तो दार राखतो. प्रत्येक घासाबरोबर, काडीच्या पोकळीत अडकून, पाण्यात विरघळून थोडी हवा आत जातेच. काडी फोडणाऱ्यांना तीच विषासारखी. यीस्टला मात्र प्राणवायू आवडतो, ते तो ओढून घेतं. ही नुसती कल्पना नाही. स्कॉटलंडमधल्या रोवेट संस्थेत न्यूबोल्ड आणि वॉलेस यांनी प्राणवायू वापरताच न येणारं अपंग यीस्ट घेऊन पाहिलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला. धडधाकट यीस्टने जिवाणूंची संख्या वाढली, अपंग यीस्टने नाही. यीस्टचा श्वास काढून घेतला आणि जादू संपली!

आता हे लहान कोकराच्या बाबतीत पाहा. तिथे भांडं अजून भरायचं आहे, दूध ताजं आहे. फ्रेडरिक शोशेरास-द्युराँ आणि तोच फोंटी यांनी कोकरांना रोज यीस्ट दिलं, तेव्हा काडी फोडणाऱ्यांचं बस्तान लवकर आणि पक्कं बसलं. यीस्ट स्वतः राहायला आलं नाही, दुसऱ्यांना राहतं केलं. मला विचाराल तर प्रोबायोटिकमध्ये जी काही करामत आहे ती या पहिल्या काही आठवड्यांत.

पण पुडीवरचा गुबगुबीत कोकराचा फोटो पाहून पाघळू नका. कळप कितीही चांगला असो, उपाशी ठेवला तर मरेल. जिवाणूंनाही प्रथिनं बांधायला नत्र लागतो. चाऱ्यात सातेक टक्के प्रथिनं नसतील तर त्यांचं काम मंदावतं, आणि पेंढ्यात तर तीन-चारच. ही तूट यीस्ट कुठून भरणार? ती भरायची पेंडीने, नाहीतर पाल्याने. तंजावरकडे परसात अगत्ती असते, म्हणजे आपला हादगा. मूठभर हादगा पडला की पेंढ्यालाही अर्थ येतो. मोठ्या जनावरांसाठी जुना खात्रीचा उपाय युरियाप्रक्रियेचा : शंभर किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दडपून हवाबंद झाकायचा, तीन आठवड्यांनी उघडून वाऱ्यावर टाकून मग द्यायचा. कोवळ्या कोकराला मात्र हे देऊ नये. ज्याचं पिंप तयार नाही त्याला तो नत्र झेपत नाही. आणि भाताची एक गंमत : बहुतेक पिकांत पानं मऊ, दांडा टणक. भाताचं उलटं. सिलिका पानांत जास्त, म्हणून दांडाच बरा पचतो.

तंजावरपासून पंचवीसेक किलोमीटरवर ओरथनाडू गाव आहे. तंजावरच्या मराठी सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) तिथे मुक्तांबाळ छत्र बांधलं, वाटसरूंना जेवू घालण्यासाठी. आज त्याच गावात तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं महाविद्यालय आहे, २०१२ पासूनचं. भाताच्या कोठारात, पेंढ्याच्या गंज्यांच्या गराड्यात, मुक्या जनावराच्या पंगतीचा विचार करायला याहून बरी जागा कुठली? या मुलखात रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी तो आंबूस ‘पळैय सोरु’ खायची जुनी चाल आहे. दाणा मालक आंबवून खातो, काडी मेंढी आंबवून खाते. रोप एकच.

तुमच्या गोठ्यात कोकरं असतील तर एवढं करा. पुडी आणलीत तर तारीख बघा, उन्हात ठेवू नका. आत जिवंत माल आहे. पुडी जिवाणूंची असेल तर अँटिबायोटिकबरोबर देऊ नका, पैसे वाया जातील. आणि पुडी आणा वा न आणा, कोकराला पहिले काही दिवस आईच्या तोंडाशी राहू द्या. जवळ पेंढ्याची मऊ दांड्यांची एक मूठ टाकून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात ते ती खाणार नाही, नुसती चघळून टाकेल. चघळू द्या.